इंग्लंडात नवीन आलात? कौन्सिलची पाकिटं, प्लॅनिंगच्या नोटिसा आणि ‘जरा इंग्लिश बोला की’ यांचं काय करायचं

पहिल्या वर्षी मी एक गाढवपणा केला तो आधी सांगून टाकते. दारातल्या फटीतून एक पांढरं पाकीट आत पडलं, वर माझं नाव नाही, नवऱ्याचं नाही, नुसतं ‘द ऑक्युपायर’, म्हणजे घरात जो कोण राहत असेल तो. पिझ्झावाल्यांची आणि इस्टेट एजंटांची पत्रकं रोज पडतातच, त्यातलंच एक समजून मी ते न फोडता रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. तीन-चार महिन्यांनी शेजारी जेसीबी आला, पाया खोदला, दिवाळीपर्यंत दोन मजली भिंत उभी, आणि आमच्या किचनमधलं दुपारचं ऊन गेलं ते गेलंच. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली की आम्ही तुम्हाला पत्र पाठवलं होतं, शेजारच्या बांधकामाला हरकत घ्यायला २१ दिवस दिले होते. म्हणजे माझं ऊन मीच डब्यात टाकलं होतं.

म्हणून हे लिहितेय. हे सगळं इंग्लंडचं आहे हां, स्कॉटलंड-वेल्सचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे आहेत. आणि यात मध्ये मध्ये भाषेचं पण येणार, कारण इथं घर, रस्ता, पार्किंग, शाळेतल्या जागा यावरची भांडणं आणि ‘ही बाहेरून आलेली लोकं’ ही कुरबुर एकाच टेबलावर येऊन बसतात, आणि नवीन माणसाला कळत नाही की यातलं कुठलं मनाला लावून घ्यायचं आणि कुठल्याला लेखी उत्तर द्यायचं.

सगळ्यात आधी: तुमची कौन्सिल कुठली

सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाका, लगेच कळतं. काही भागात एकच कौन्सिल सगळं बघते, लंडनमध्ये ३२ बरो आहेत त्यांचं तसंच आहे. काही भागात अजून दोन थर आहेत, वर काउंटी कौन्सिल जी शाळा, रस्ते, वृद्धांची सेवा, लायब्ररी बघते, आणि खाली डिस्ट्रिक्ट किंवा बरो कौन्सिल जी कचरा उचलते, कौन्सिल टॅक्स गोळा करते आणि घरांच्या प्लॅनिंगचा, म्हणजे बांधकामाच्या परवानगीचा, निर्णय देते. ही दोन थरांची पद्धत मोडायचं सध्या चालू आहे त्यामुळे तुमच्याकडची पाटी बदलू शकते. गावाकडे पॅरिश कौन्सिल पण असते, आपल्या ग्रामपंचायतीसारखी वाटते पण प्लॅनिंगमध्ये ती फक्त मत देते, परवानगी देणं-नाकारणं तिच्या हातात नाही. खड्ड्याची तक्रार डिस्ट्रिक्टला आणि डब्याची तक्रार काउंटीला पाठवून महिनाभर वाट बघत बसलेले आपले लोक मी पाहिलेत, एक मी स्वतः.

दुसरं काम: मतदार यादी. हो, तुम्हाला मत आहे!

हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसा असो की स्टुडंट, कायदेशीर राहत असाल तर इथं कौन्सिलच्या निवडणुकीतच नाही तर संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. नागरिकत्व मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. ऑनलाइन फॉर्म आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा, पाच मिनिटांचं काम. २०२३ पासून इंग्लंडात कौन्सिलच्या मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आपला भारतीय पासपोर्ट चालतो. कौन्सिलच्या निवडणुका बहुतेक मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असतात.

मत द्या नाहीतर नका देऊ, पण नाव घाला. वॉर्डच्या कौन्सिलरला मेल टाकायचा तर खाली आपला पत्ता लिहायचा असतो, आणि तुम्ही त्याचे मतदार आहात हे त्याला बरोबर समजतं. कौन्सिलर म्हणजे आपला नगरसेवक, फक्त इथं तो संध्याकाळी बसस्टॉपवर पिशवी घेऊन उभा दिसतो आणि मेलला स्वतः उत्तर देतो. सगळेच देतात असं नाही.

तिसरं: पाकीट फोडा आणि खांब वाचा

माझी चूक करू नका, ‘ऑक्युपायर’ म्हणजे तुम्हीच. भाड्याने राहत असलात तरी तुम्हीच, हरकत घ्यायला घरमालक असावं लागत नाही. दुसरी जागा म्हणजे रस्त्यावरचा दिव्याचा खांब. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ए-फोर कागद पट्टीने आवळून बांधलेला असतो, बहुतेक ठिकाणी पिवळा किंवा केशरी, पावसाने आत पाणी गेलेलं, शाई पसरलेली. मला कित्येक महिने ते पार्किंगबद्दल काहीतरी असावं असं वाटायचं. त्यावर अर्जाचा नंबर असतो आणि कुठल्या तारखेपर्यंत मत द्यायचं ती तारीख. नंबर कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकला की नकाशे, खिडक्यांची मापं, बाकीच्यांनी लिहिलेली मतं सगळं उघडं दिसतं.

मुदत साधारण २१ दिवस. घरगुती अर्जाचा निकाल ८ आठवड्यांत लागायचा असतो, मोठ्या प्रकल्पाचा १३. आणि एक लक्षात ठेवा, परवानगी नाकारली तर अर्जदाराला वर अपील करता येतं, पण परवानगी दिली तर शेजाऱ्याला अपील नाही. कोर्टात जाता येतं पण ते आपल्यासारख्यांच्या खिशाला झेपणारं नाही. म्हणजे जे काही बोलायचं ते निकालाच्या आधी.

हरकत लिहिताना काय चालतं आणि काय वाया जातं

इथंच सगळा खेळ आहे त्यामुळे जरा सावकाश वाचा.

कौन्सिलचा ऑफिसर फक्त प्लॅनिंगशी संबंधित मुद्दे बघतो. तुमच्या खिडकीत किती अंधार येतो, समोरच्याच्या नव्या खिडकीतून तुमच्या बेडरूममध्ये दिसतं का, गाड्या कुठे लावणार, वळणावर अपघाताची भीती आहे का, आवाज, झाडं, सांडपाणी, घर आजूबाजूला शोभतं का. आणि काय बघत नाही तर माझ्या घराची किंमत पडेल, माझा व्ह्यू जाईल, बांधकामाच्या वेळी धूळ येईल, शेजारी उद्धट आहे, आणि राहायला येणारी माणसं कुठल्या देशाची, कुठली भाषा बोलणारी असतील. शेवटचा मुद्दा तर नुसता वाया जात नाही, तसलं मत कौन्सिल वेबसाइटवरून काढून टाकते.

‘फार वाईट होईल, प्लीज नका देऊ’ असं लिहून उपयोग नाही. कुठल्या खोलीची खिडकी, तिच्यापासून भिंत किती मीटर, ऊन किती वाजता येतं ते लिहा, फोटो लावा. बऱ्याच कौन्सिली ४५ अंशांचा नियम वापरतात, तुमच्या खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशात रेघ काढायची आणि शेजाऱ्याचं बांधकाम ती रेघ कापतंय का बघायचं. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन हे मी नकाशाच्या प्रिंटवर केलंय, जमतं.

इंग्रजीची भीती बाळगू नका. साधी चार वाक्यं पुरतात, ऑफिसरला शेक्सपिअर नकोय, त्याला खिडकी पाहिजे. उलट मी बघितलंय की इथल्याच मंडळींची दोन-दोन पानी अलंकारिक पत्रं असतात आणि त्यात एकही मुद्दा मोजण्यासारखा नसतो.

मराठीत लिहिलं तर चालेल का असं मला एका काकांनी विचारलं होतं. नाही चालणार हो. २०१३ मध्ये तेव्हाचे मंत्री एरिक पिकल्स यांनी सगळ्या कौन्सिलींना सांगितलं की परभाषांत पत्रकं छापणं बंद करा, पैसे वाया जातात आणि लोक इंग्रजी शिकत नाहीत. त्याआधी बऱ्याच कौन्सिलींच्या पत्रामागे पाच-सहा लिप्यांत ‘मदत हवी तर फोन करा’ छापलेलं असायचं. दवाखान्याचं वेगळं आहे, तिथं दुभाषी मागता येतो आणि पैसे पडत नाहीत, आईवडिलांसाठी जरूर मागा, दहा वर्षांच्या नातवाला आजीच्या पोटाचं भाषांतर करायला बसवू नका.

‘इंग्लिश बोला’ म्हणणारे कोण असतात

आमच्या सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. रोज सकाळी मागच्या गार्डनमध्ये खुर्ची टाकून कोरेगावच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल, आणि कोरेगावपर्यंत आवाज फोनशिवायच जावा अशा बेताने. एक दिवस कुंपणापलीकडून शेजारच्या आजींनी मला हाक मारली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, तुमच्या सासूबाई रोज कोणाला तरी रागवत असतात, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं नाही हो, त्या भेंडीचा भाव विचारतायत. पुढे त्या दोघी कुंपणावरून एकमेकींना टोमॅटो आणि लिंबाचं लोणचं द्यायला लागल्या, भाषा दोघींना शेवटपर्यंत आली नाही.

पण सगळे तसे नसतात. बसमध्ये मुलीशी मराठीत बोलत होते तेव्हा मागून एकजण पुटपुटला, या देशात इंग्लिश बोलतात. रागाने कान तापले, आणि दुसऱ्या क्षणाला काय आठवलं तर मीच पुण्यात रिक्षात बसून म्हटलेलं की इतकी वर्षं इथं राहता आणि मराठी येत नाही म्हणजे काय. ते मला आजही चूक वाटत नाही, राज्याची भाषा शिकावी हे मला मान्यच आहे, पण त्या वाक्याची दुसरी बाजू कशी लागते ते त्या बसमध्ये कळलं.

माझ्या हिशोबाने तीन तऱ्हेचे लोक असतात. एक, ज्यांना खरोखर जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही, नातवाला जवळच्या शाळेत जागा नाही, गल्लीत गाडी लावायला जागा नाही, आणि त्याचं कारण म्हणून त्यांना आपण दिसतो कारण आपण दिसण्यासारखे आहोत. दोन, ज्यांना आपल्याच गल्लीत आपण परके झालो असं वाटतं, दुकानाच्या रांगेत शेजारचा काय बोलतोय कळत नाही याचं दुःख असतं, बहुतेक वयस्कर. यांच्याशी बोलता येतं, बोलावं. तिसरे सरळ वंशद्वेषी, त्यांच्याशी वाद घालायचा नाही, अंगावर आला तर पोलिसांचा तातडीचा नंबर ९९९, होऊन गेल्यावर त्यांच्या साध्या १०१ वर नोंद करायची, भाषेवरून शिवीगाळ झाली तरी ती हेट क्राइममध्ये मोडू शकते.

आकडे माहीत असू द्यात, कामाला येतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ९१.१ टक्के लोकांची मुख्य भाषा इंग्रजी (वेल्समध्ये वेल्श धरून) होती. बाकीच्यांत पोलिश सगळ्यात पुढे, मग रोमानियन, पंजाबी, उर्दू. आणि ज्यांना इंग्रजी अजिबात येत नाही असे किती, तर ०.३ टक्के. कोणी म्हटलं की हल्ली इथं कोणाला इंग्रजीच येत नाही, तर शांतपणे हा आकडा सांगायचा आणि चहा प्यायचा.

आणि लेस्टरची गोष्ट. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला लावला, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिकडच्या ‘युगांडा आर्गस’ पेपरात चक्क जाहिरात दिली की आमच्याकडे घरं नाहीत, शाळांत जागा नाहीत, तुमच्याच भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आले. आज त्याच शहरात बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला रोषणाई असते आणि ती बघायला गोरेही येतात. घरं, शाळा, जागा... पन्नास वर्षांत तक्रारीची यादी बदललेली नाही, बघा.

तुम्हालाच काही बांधायचं असेल तर

थोडक्यात सांगते. मागे एक मजली वाढवायचं असेल तर सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने जोडलेल्या) किंवा टेरेस (रांगेतल्या) घराला ३ मीटर, डिटॅच्डला (सुट्या घराला) ४ मीटरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, उंची वगैरेच्या अटी आहेतच. फ्लॅटला ही सवलत नाही आणि जुन्या संरक्षित भागात नियम कडक आहेत. लागत नसली तरी कौन्सिलकडून तसा दाखला घेऊन ठेवा, घर विकताना वकील मागतो. परवानगी लागणार असेल तर घरगुती अर्जाची फी भरावी लागते, एप्रिल २०२५ मध्ये ती ५२८ पौंड झाली होती, आताची बघून घ्या. सामाईक भिंतीला हात लावणार असाल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा वेगळा, शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवायचं. पण त्याच्याही आधी मिठाईचा डबा घेऊन शेजारी जा आणि नकाशा दाखवा, कागद नंतर.

मागच्या शेडमध्ये पलंग टाकून भाडेकरू ठेवू नका. आपल्यातले पण करतात म्हणून सांगते. स्लाऊच्या कौन्सिलने २०१३ मध्ये विमानातून उष्णता टिपणारा कॅमेरा फिरवून असल्या शेड शोधल्या होत्या, म्हणजे हीटर लावला की वरून दिसता.

घरी सत्यनारायण, गणपती, महिन्याचं भजन याला कोणी विचारत नाही. पण दर आठवड्याला पन्नास माणसं आणि वीस गाड्या यायला लागल्या की घराचा वापर बदलला असं कौन्सिल म्हणू शकते. हॉल घ्या. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्यांची स्वतःची वास्तू आहे, आणि बाकी गावांत शाळेचे, चर्चचे हॉल तासावर मिळतात. ढोल-ताशा रस्त्यावर काढायचा तर कौन्सिल आणि पोलीस दोघांना खूप आधी कळवायचं, आणि रात्री ११ नंतर काहीही वाजवायचं नाही.

गर्दीवरून आठवलं, वॉटफर्डजवळ लेचमोर हीथ नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथलं भक्तिवेदांत मॅनर १९७३ मध्ये जॉर्ज हॅरिसनने, हो बीटल्समधल्याच, इस्कॉनला घेऊन दिलं. जन्माष्टमीला हजारो लोक यायला लागले, गावच्या अरुंद रस्त्यावर गाड्या मावेनात, गावकरी वैतागले, कौन्सिलने सार्वजनिक पूजेला मनाई केली. वर्षानुवर्षं केस चालली, १९९४ मध्ये लंडनमध्ये मोठा मोर्चा निघाला. १९९६ मध्ये सरकारने परवानगी दिली ती कशावर, तर गावाला वळसा घालून जाणाऱ्या वेगळ्या रस्त्यावर. धर्मस्वातंत्र्याची भाषणं झालीच, व्हायलाही हवीत, पण गावकऱ्यांच्या तक्रारीत जो खरा मुद्दा होता, गाड्यांचा, तो सुटला तेव्हा गाडं हललं.

शेवटचा टप्पा: कमिटीत उभं राहणं

बहुतेक अर्जांचा निर्णय ऑफिसरच देतो. पण तुमच्या वॉर्डच्या कौन्सिलरने मागणी केली तर काही अर्ज प्लॅनिंग कमिटीपुढे जातात आणि तिथं तुम्हाला बोलता येतं, आधी नाव नोंदवावं लागतं, वेळ बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कोपऱ्यावरच्या घराचे दोन फ्लॅट करायचा अर्ज आला. या वेळी पाकीट मी दारातच उभी राहून फोडलं. वरच्या मजल्यावर बाजूला मोठी खिडकी दाखवली होती, थेट आमच्या गार्डनवर आणि मुलीच्या खोलीवर. अंतर मोजलं, फोटो काढले, अर्ध्या पानात लिहिलं, कौन्सिलरला मेल टाकला, प्रकरण कमिटीत गेलं.

संध्याकाळी सात वाजता टाउन हॉलमध्ये हरकत घेणाऱ्यांची रांग, माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमच्याच गल्लीतल्या एक बाई. त्यांचा नंबर आधी लागला. त्या म्हणाल्या की फ्लॅट झाले की भाडेकरू येणार, ते कुठून कुठून येणार, एक शब्द इंग्रजीचा येत नसणार, आमच्या गल्लीचं काय होणार. अध्यक्षांनी त्यांना मध्येच थांबवलं आणि प्लॅनिंगच्या मुद्द्यावर या म्हणून सांगितलं. त्या परत येऊन बसल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, तुमच्याबद्दल नाही हं हे.

मला काय बोलावं सुचेना. आम्ही दोघी एकाच बाजूच्या हरकतीला आलो होतो ना. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या आडनावाची पार वाट लावून मला बोलावलं. मी खिडकी, मीटर आणि फोटो एवढंच बोलले, माझ्या मराठी ‘व’ आणि ‘ड’सकट, दोन मिनिटं चाळीस सेकंद.

फ्लॅट मंजूर झाले. अट घातली की बाजूच्या त्या खिडकीला धुरकट काच लावायची आणि ती खालून उघडता कामा नये. आता तिथं एक रोमानियन कुटुंब राहतं, संध्याकाळी काचेमागे नुसता पिवळा उजेड दिसतो, माणसं दिसत नाहीत. त्यांच्या दारात मागच्या आठवड्यात ‘ऑक्युपायर’चं पाकीट अर्धवट लटकताना दिसलं, तर मी बेल वाजवून सांगून आले की हे फेकू नका.